मधुपर्णीची पानं गोड असतात

महापेच्या एका काचेच्या इमारतीत 'निरोगी मराठी' नावाची वेबसाइट चालते. चालते म्हणजे अगदी जोरात चालते. मराठी माणसानं काय खावं, काय पिऊ नये, कोणत्या कुशीवर झोपावं, हे तिथून रोज सकाळी सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत डॉक्टर एकही नाही. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, असा सगळा प्रकार. पण लोक वाचतात, पुढे पाठवतात आणि तसं वागतातही, म्हणून त्याला हसून सोडून द्यायची सोय नाही.

ज्ञानेश्वरी शेलार तिथे लेख लिहायची. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेली पोरगी. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळेल म्हणून वाट पाहिली, ती मिळाली नाही, मग इकडे आली. तिला एक खोड होती. लेख लिहून झाला की त्याखाली ती संदर्भ द्यायची. ही माहिती कुठून घेतली, तो अभ्यास कुणी केला, किती माणसांवर केला, त्याला पैसे कुणी पुरवले, आणि त्यातून काय सिद्ध होत नाही, हेसुद्धा. लेख लिहायला लागायचा त्याहून जास्त वेळ तिचा या खालच्या ओळींत जायचा. ऑफिसात त्या ओळींना 'शेपूट' म्हणायचे. "ज्ञानूचा लेख आला का? शेपूट कापा आणि लावा," असं रोज कुणीतरी ओरडायचं आणि बाकीचे हसायचे. तीही हसायची. न हसून करते काय?

शेपूट कापायची आज्ञा अभयची. अभय तिथला संपादक. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा, तिच्या डब्यातली भाजी चाखायचा आणि समजावून सांगायचा.

"अगं ज्ञानू, नाकापेक्षा मोती जड झालाय बघ. लेख एवढासा आणि खाली हे रामायण. आणि लिंक दिली ना, की वाचक बाहेर जातो. गेला की परत येत नाही. आपला सगळा धंदाच तो इथे थांबण्यावर आहे."

"पण मग वाचणाऱ्याला कळणार कसं, की हे खरं आहे?"

"आपण सांगतोय ना. 'तज्ज्ञांच्या मते' टाक. बास."

हे तज्ज्ञ म्हणजे त्या ऑफिसातली सगळ्यात कामाची माणसं. कधी रजा नाही, पगारवाढ मागणं नाही, आणि आजवर त्यांना कुणी पाहिलेलंही नाही. गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळीकडे त्यांचं मत तयार असायचं. लेखाखाली ज्ञानेश्वरीचंही नाव नसायचं. 'टीम निरोगी मराठी' एवढंच.

तरी एक वाचक अशी होती, जिला लेख कुणाचा ते पक्कं ठाऊक असायचं. ती म्हणजे तिची आत्या, बाळाबाई. ज्ञानेश्वरी तिला आत्ती म्हणायची. साताऱ्याकडं गावात आई गेली तेव्हा ज्ञानेश्वरी शाळेत होती. आत्ती गावी आली, तिला घेऊन कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीतल्या आपल्या घरी आली, आणि स्वतःच्या मुलाच्या, धनाजीच्या शेजारी तिचंही ताट मांडलं. आत्तीचा नवरा कृष्णात बाजारात पाठीवर पोती वाहायचा. त्यानंही कधी ही पोर दुसऱ्याची म्हटलं नाही. तो गेल्यावरसुद्धा आत्तीनं हिचं शिक्षण थांबवलं नाही. आत्ती चौथी शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, आणि वाचलेलं सगळं तिला देवाच्या पोथीसारखं वाटायचं. भाचीचा लेख फोनवर आला की ती शेजारच्या चांगुणाबाईला हाक मारायची. मग एक वाचायची आणि दुसरी "आस्सं व्हय!" म्हणायची.

आत्तीला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. भात कमी केला, गोडधोड सोडलं, गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या, कशाचीच तिनं कुरकुर केली नाही. पण चहा! पहिला बिनसाखरेचा चहा तिनं एक घोट घेऊन मोरीत ओतला होता. "ही काय चा हाय? ह्यापरीस गरम पानी बरं," म्हणाली होती. ज्ञानेश्वरीनं एकदा मेडिकलमधून गोड गोळ्यांची डबी आणून दिली. ती तशीच फळीवर पडून राहिली. औषधाच्या दुकानातली साखर चहात घालायची, हे आत्तीच्या बुद्धीला पटेना. बिनसाखरेचा चहा ती वर्षानुवर्षं तोंड वाकडं करून पीत राहिली.

म्हणून संक्रांतीच्या सुमारास 'साखरेला पर्याय' अशी मालिका करायचं ठरलं, तेव्हा स्टीव्हियाचा लेख ज्ञानेश्वरीनं मागून घेतला. स्टीव्हिया म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं एक लहानसं झुडूप. त्याच्या पानात साखर नसून गोडी असते. खरं सांगायचं तर तो लेख तिनं आत्तीसाठी लिहिला. सोपी वाक्यं, जोडाक्षरं कमी, बोट ठेवून वाचता येईल असा.

अभयनं लेख वाचला आणि म्हणाला, "मस्त. फक्त हा स्टीव्हिया शब्द काढ. आपल्या लोकांना परका वाटतो. मातीतला शब्द पाहिजे." मग त्यानंच फोनवर काहीतरी शोधलं. "हे बघ, मधुपर्णी! काय गोड शब्द आहे. मधुपर्णीची पानं गोड असतात. हेच हेडिंग."

"अभय, तो शब्द नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. "स्टीव्हियाला हल्ली म्हणतात मधुपर्णी, पण जुन्या ग्रंथांत मधुपर्णी म्हणजे गुळवेल. ती वेगळी. पार वेगळी वनस्पती आहे ती."

"कोण वाचतंय जुने ग्रंथ?"

"आमच्या वनस्पतिशास्त्रातली माणसं वाचतात."

"बरं, मग तू खाली क्लिअर कर ना. टेन्शन कशाला?"

तिनं खाली क्लिअर केलं. अगदी स्वच्छ लिहिलं, की या लेखातली मधुपर्णी म्हणजे स्टीव्हिया, गुळवेल नव्हे. गुळवेलीची पानं चहात घालू नयेत. आणि अभ्यास झालेत तेही बहुतेक कारखान्यात शुद्ध केलेल्या अर्कावर, कच्च्या पानांवर नव्हे. शेजारी अभ्यासांची नावं, वर्षं, सगळं दिलं. लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनं नेमकी शेपटीत लिहिली. आणि शेपटीचं तिथे काय होतं, हे काय तिला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण या वेळी आपण एवढं बोललोय, तेव्हा ठेवतील, असं तिला वाटलं. माणसाला असं वाटतं.

लेख लागला त्या दिवशी ती दुसऱ्या लेखात बुडालेली होती. लागलेले लेख उघडून बघायचं तिनं केव्हाच सोडलं होतं; कापाकापी बघवत नसे. तिनं नेहमीसारखी लिंक आत्तीला पाठवली. लिंकबरोबर काहीतरी हिरवं दिसलं, तिकडं तिनं नीट पाहिलं नाही. आत्तीचं उत्तर बोललेल्या निरोपातून आलं: "लई भारी लिवलंस बाय. आता चा गोड हुतोय बग माजा." ते ऐकून ज्ञानेश्वरीला इतकं बरं वाटलं, की तिनं तो निरोप पुन्हा ऐकला. नर्सरीतून स्टीव्हियाचं रोप आणून द्यायचं, असं तिनं मनात ठरवलं. मग कामं निघाली. रोप राहून गेलं.

होळीनंतर आत्तीच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला. भूक गेली, अंगाला खाज सुटली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली, पथ्य सांगितलं. धनाजी द्रोणागिरीच्या गोदामात कामाला. सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. दोन-तीन आठवडे असेच गेले. एका रविवारी ज्ञानेश्वरी घणसोलीच्या आपल्या खोलीवरून भेटायला आली आणि दारातच थांबली. आत्तीचा चेहरा हळद लावल्यासारखा झाला होता आणि पाय सुजले होते. त्याच दुपारी दोघांनी तिला वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं.

तिथली डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं खुर्ची घेतली, आत्तीच्या जवळ बसली.

"आजी, नेहमीच्या गोळ्या सोडून आणखी काही घेत होता का? काढा, चूर्ण, झाडपाला, कुणी दिलेलं गावठी औषध?"

"कायबी न्हाय."

"नीट आठवा. मी रागावणार नाही. यकृताला सूज आहे, आणि कशानं आली ते कळलं तर पुढचं सोपं जातं."

"न्हाय वो डाक्टरीनबाई. गोळ्या आन् भाकरी. दुसरं कायबी न्हाय."

हे म्हणताना आत्तीनं ज्ञानेश्वरीकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली. ज्ञानेश्वरीला वाटलं, भ्यालीय. तिनंच डॉक्टरला वर सांगितलं, "नाही मॅडम, आत्ती असलं काही घेत नाही. मी स्वतः आरोग्यावर लिहिते, माझं लक्ष असतं." उचलली जीभ लावली टाळ्याला! पण ती तरी मुद्दाम थोडीच बोलली?

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त गेलं, पोटाचे फोटो झाले, एका जातीची कावीळ नाही, दुसऱ्या जातीची नाही, हेही नाही आणि तेही नाही. आकडे रोज चढत होते. डॉक्टर रोज तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायची आणि आत्ती रोज तेच उत्तर द्यायची. हॉस्पिटलचा चहा तिला नको असायचा. धनाजी रोज घरून थर्मास आणायचा. चांगुणाबाई चहा करून भरून द्यायची. आत्ती त्यातलं थोडं प्यायची, डोळे मिटायची. एवढ्या आजारात शेजारीण एवढं करते, म्हणून ज्ञानेश्वरीला त्या थर्मासचं कौतुक वाटायचं.

एका सकाळी धनाजीला सुट्टी मिळेना, म्हणून लुगडी आणि थर्मास आणायला ज्ञानेश्वरी स्वतः कोपरखैरण्याला गेली. आत्तीच्या घराला कुलूप होतं, किल्ली चांगुणाबाईकडं. चांगुणाबाई गॅससमोर उभी होती.

"आलीस व्हय? बस वाईच. चा उकळतोय. पाला जरा मुरू दे."

"कसला पाला?"

"आता गं बया! कसला म्हंजे?" चांगुणाबाई हसली. "तूच लिवलंस न्हवं? मधुपर्नीचा."

ज्ञानेश्वरी पुढं झाली. पातेल्यात मूठभर पानं उकळत होती. ओट्यावर आणखी होती, धुऊन ठेवलेली, मोठी, हिरवीगार, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. शिकलेलंच कशाला, साताऱ्याकडच्या कुठल्याही बाईलाही लागत नाही. ती गुळवेल होती.

"मावशी, ही गुळवेल आहे."

"व्हय की. गुळयेलच. तुज्या लेखात फोटू व्हता तिचाच. बाळाबाई म्हनली, आगं ही तर आपली कुंपनावरची! मागं नाल्याकडंच्या झाडावर हाय पसरल्याली. तिनं फांदी आनून गॅलरीत लावली." मग चांगुणाबाईचा आवाज खाली आला. "आन् हे बग, डाक्टरला सांगू नकोस हां. तिनं शप्पत घातल्याली हाय मला. धनाजीलाबी म्हाईत न्हाय."

ज्ञानेश्वरीनं तिथेच, ओट्याला टेकून, फोनवर तो लेख उघडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. वर हेडिंग होतं: मधुपर्णीची पानं गोड असतात. त्याखाली फोटो, बदामाच्या आकाराच्या हिरव्यागार पानांचा. फोटो लावणाऱ्यानं तो शब्द शोधला असणार, समोर आलं ते चिकटवलं असणार. त्याचं तरी काय चुकलं, त्याला कुणी सांगितलं होतं? लेखात जिथं जिथं तिनं अभ्यास सांगितला होता, तिथं तिथं तज्ज्ञ येऊन बसले होते. आणि खाली काहीच नव्हतं. शेवटच्या वाक्यानंतर लगेच 'टीम निरोगी मराठी'. गॅस बंद करून ती तिथेच खाली बसली, आणि चांगुणाबाई काही न कळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

हॉस्पिटलात पोचल्यावर ती आधी डॉक्टरकडं गेली आणि पिशवीतली पानं टेबलावर ठेवली. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवसांपासून?"

"संक्रांतीपासून. काल संध्याकाळपर्यंत."

डॉक्टरनं एक पान उचलून पाहिलं. मग म्हणाली, "हे बघा, सगळ्यांनाच यानं त्रास होतो असं नाही. आणि यांचं यकृत यामुळेच गेलं, असं मी शंभर टक्के सांगू शकणार नाही. पण शक्यता मोठी आहे. पहिल्या दिवशी कळलं असतं तर ते लगेच बंद केलं असतं, उपचारही वेगळ्या वाटेनं गेले असते. आता..." तिनं तपासणीचे कागद पुढं ओढले. "यकृत बदलण्याचं मी बोलले असते, पण त्यांचं हृदय ते सोसणार नाही. जे करता येईल ते करू."

बाहेर येऊन ज्ञानेश्वरीनं अभयला फोन लावला. तो घाबरला, खरोखरच घाबरला. "अरे यार," म्हणाला, "सॉरी, सॉरी. मी आत्ता उतरवतो लेख." त्यानं लगेच उतरवलाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मग थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "ज्ञानू, एक सीन आहे. आपला उतरला, पण बाकीच्यांनी कधीच उचललाय गं. यूट्यूबवर आहे, व्हॉट्सॲपवर फिरतोय, दोन-तीन साइटवर फोटोसकट जसाच्या तसा आहे. कुणीच आपलं नाव नाही टाकलेलं. त्यांना कुठून आणि कसं सांगायचं?" तिनं फोन बंद केला. ज्या लेखाला आई-बाप नाहीत, त्याला परत कोण बोलावणार? तिला रडायलाही येईना. नुसता राग येत होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. अभयवर काढावा तर शब्दाला नको म्हणून पुन्हा होही तिनंच म्हटलं होतं.

आत्ती जागी होती. थर्मास न दिसल्यावर तिनं ओळखलं.

"सांगितलंस व्हय डाक्टरला?"

"सांगितलं."

"कशाला सांगितलंस?" आत्तीचा आवाज क्षीण झाला होता, पण त्यात खरा राग होता. "आता त्या इचारनार, कुनी सांगितलं, कुठं वाचलं. तुजं नाव येनार. तुजी नोकरी जानार. म्हनून तर गप बसले व्हते मी. आन् तू सोताच जाऊन सांगून आलीस. येडी हायस का?"

एवढे दिवस डॉक्टर जी एक गोष्ट विचारत होती, ती आत्तीनं ज्ञानेश्वरीच्या नोकरीसाठी पोटात ठेवली होती. ज्या नोकरीवर हिनं कधी प्रेम केलं नव्हतं, तिच्यासाठी.

"आत्ती, ती पानं कडू होती ना गं?"

"कडू? लई कडू."

"मग तू प्यालीस कशी? लेखात तर गोड लिहिलं होतं."

"तेच की," आत्ती म्हणाली. समजावून सांगायचा सूर लागला, लहानपणी पाढे पाठ करून घेताना लागायचा तसा. "गावाकडं खोडाचा काढा देत्यात तापाला, तो कडूजार. पानं कुनी खाल्ली न्हाईत कदी. म्हनलं, पानं गोड असत्याल. तू लिवलंस म्हंजे असनारच. चार घातली, गोड लागंना. मग वाईच जास्ती घातली. मग मूठभर. चांगुना म्हनली, आगं कडू हाय हे. मी म्हनलं, तुला काय कळतंय, पोरगी यवढी शिकल्याली, ती खोटं लिवंल का? मग माज्या ध्यानात आलं. माजी जीभच गेल्याली हाय. साखरेच्या रोगानं डोळं जात्यात, पाय जात्यात, तशी जीभ गेली. गोड हाय ते मला कडू लागतंय."

"नाही आत्ती. तुझी जीभ चांगली होती. ती पानं कडूच असतात. लेख चुकला. फोटो चुकला, शब्द चुकला. मी खाली लिहिलं होतं सगळं, ते कापलं त्यांनी. तुझं काही चुकलं नाही. ऐकतेस ना? माझं चुकलं."

"असं नगं म्हनूस." आत्तीनं मान हलवली. "तू कशी चुकशील?"

ज्ञानेश्वरीनं पुन्हा सांगितलं. शब्द बदलून सांगितलं, गुळवेल आणि स्टीव्हिया वेगळ्या आहेत हे सांगितलं, रडत सांगितलं. आत्ती शांतपणे ऐकत होती आणि तिला त्यातलं काही पटत नव्हतं. भाची आपलं मन राखायला स्वतःवर घेतेय, असंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. धनाजी आला, त्याला सगळं कळलं, तो भिंतीला टेकून खाली बसला. "आये, ज्ञानू खरं बोलतेय," एवढंच म्हणाला. आत्तीनं त्यालाही गप्प केलं.

पुढच्या दोन दिवसांत आत्तीचं बोलणं मधूनच भरकटायला लागलं. कृष्णात बाजारातून आला का, असं विचारायची. मग पुन्हा भानावर यायची. डॉक्टर राउंडला आली की जीभ बाहेर काढून दाखवायची आणि म्हणायची, "हिला काय औषध हाय का बगा." डॉक्टर खाली वाकून पाहायची, "बघते हं आजी," म्हणायची.

ज्ञानेश्वरीच्या डोक्यानं एकच घेतलं होतं. आत्ती वाचणार नाही हे तिला कळलं होतं. ते तिच्या हातात राहिलेलं नव्हतं. पण हिनं असं जाऊ नये. खरं काय ते कळून जावं. जन्मभर ज्या जिभेनं मिठाची कणी बरोबर ओळखली, तिला खोटं ठरवून जाऊ नये. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

ती हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून साखरेची पुडी घेऊन आली. सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, एवढ्याशानं काही होत नाही आता. ज्ञानेश्वरीनं आत्तीला मागून आधार दिला, पाण्यानं तिचे ओठ ओले केले, आणि बोटाच्या टोकावर चिमूटभर साखर घेऊन तिच्या जिभेवर ठेवली.

"आत्ती, ही साखर आहे. आपली साधी साखर. इतक्या वर्षांनी खातेयस. सांग बरं, गोड लागतेय ना?"

आत्तीनं तोंड मिटलं, डोळेही मिटले. जीभ आत फिरवली. वेळ घेतला, अगदी मन लावून चाखलं. काविळीनं तोंडाची चव केव्हाच मेली होती, डॉक्टरनं तसं सांगितलंही होतं, पण ज्ञानेश्वरीच्या ते त्या क्षणी ध्यानात नव्हतं.

"कडू," आत्ती म्हणाली.

मग तिनं डोळे उघडले, ज्ञानेश्वरीकडं पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"बग, मी म्हनत न्हवते? साखरबी कडू लागतीया. जीभच गेल्याली हाय माजी." तिनं सुजलेल्या हातानं भाचीचा हात थोपटला. "तू बरोबरच लिवलं व्हतंस."

त्यानंतर आत्ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.